दीर्घिकांचा शेजार आणि त्यांचा उज्जवायु

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें, आणि अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यांतील असंख्य नारळी-पोफळी कांहीं तासांत आडव्या झाल्या. बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन येथील बागाईतदारांनीं त्या दिवशीं जें पाहिलें तें ते जन्मभर विसरणार नाहींत. पोफळ लावल्यापासून तिला सुपारी धरेपर्यंत पांचसात वर्षें जातात. एका पिढीनें लावावें आणि दुसरीनें उपभोगावें असा त्या धंद्याचा क्रम. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या वाडीस वाऱ्याचा मार अधिक बसतो आणि डोंगराच्या आडोशास असलेल्या वाडीस कमी, हें कोंकणांत कोणास शिकवावें लागत नाहीं. झाडाची जात तीच, माती तीच, विहिरीचें पाणीहि तेंच. निराळा असतो तो केवळ शेजार.

आकाशांतील दीर्घिकांनाहि शेजार असतो, आणि तो त्यांचें बरेंवाईट करतो, ही गोष्ट ज्योतिषशास्त्रांत गेल्या पन्नास वर्षांत पुरती सिद्ध झाली आहे. तिचा कांहीं भाग पुणें जिल्ह्यांतील खोडद या गांवाहून पाहिला गेला, म्हणून मराठी श्रोत्यांस तरी ती परकी वाटण्याचें कारण नाहीं.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचें एक बेटच होय. आपला सूर्य ज्या बेटावर आहे त्यास आपण आकाशगंगा म्हणतों. तींत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. परंतु केवळ तारे म्हणजे दीर्घिका नव्हे. ताऱ्यांच्या मधल्या जागेंत वायु पसरलेला असतो व त्यांत मुख्य भरणा हायड्रोजनचा. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून त्यास उज्जवायु म्हणत असत. नांव गोड आहे, आणि तें मागें पडलें याचें कोणास वाईट वाटलें तर नवल नाहीं. हा वायु अत्यंत विरळ असतो. आपण श्वासावाटे घेतों त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरांत अब्जावधि अब्ज रेणु असतात, तर ताऱ्यांमधल्या जागेंत तेवढ्याच घनफळांत सरासरीनें एखादा अणु सांपडतो. परंतु जागाच एवढी अफाट कीं, आकाशगंगेंतील या अणुरूप हायड्रोजनचें एकंदर वजन सातआठशें कोटि सूर्यांच्या वजनाएवढें भरतें.

नवे तारे जन्मतात ते याच वायूपासून. तो थंड होतो, दाटतो, त्याचे ढग बनतात आणि ढगांच्या पोटीं तारे पेटतात. शेतकऱ्याच्या कणगींतलें बियाणें तसा हा वायु. आजचें पीक कितीहि डोलत असलें तरी कणगी रिकामी झाली कीं पुढच्या वर्षीचें शेत पडीक राहणार. आपल्या आकाशगंगेंत दर वर्षास एकदोन सूर्यांइतक्या वजनाचे नवे तारे होतात. बाहेरून भर पडली नाहीं तर सांठा कांहींशें कोटि वर्षांत संपेल हा हिशेब शाळेंतील मुलासहि करतां येईल. तेव्हां एखाद्या दीर्घिकेपाशीं उज्जवायु किती आहे, हा प्रश्न म्हणजे तिचें आयुष्य किती उरलें आहे हाच प्रश्न होय.

आतां हा वायु दिसावा कसा? तो थंड, अंधारा, डोळ्यांस अगोचर. येथें श्रोत्यांच्या घरांतील रेडिओच उपयोगी पडतो, निदान समजून घेण्यापुरता. हायड्रोजनच्या अणूंत मध्यें एक प्रोटॉन व भोंवतीं एक इलेक्ट्रॉन. दोघेहि भोवऱ्यासारखे फिरतात असें धरून चालावें. दोघांच्या फिरण्याची दिशा एक असतां अणूंत किंचित् अधिक शक्ति असते. इलेक्ट्रॉननें उलट दिशा धरली कीं ती जास्तीची शक्ति रेडिओलहरीच्या रूपानें बाहेर पडते. त्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. आपण एफ्. एम्. केंद्र ऐकतों त्याची लहर सुमारें तीन मीटरांची असते. एकटा अणु हा पालट आपण होऊन करावयास सरासरीनें एक कोटीहून अधिक वर्षें लावतो. परंतु अणूंची संख्याच इतकी कीं कोणत्याहि क्षणीं असंख्य अणु बोलत असतात. सबंध विश्वांत हें एकच केंद्र, एकाच लांबीवर, अखंड प्रक्षेपण करीत आहे.

ही लहर असली पाहिजे हें भाकित १९४४ सालीं हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या डच तरुणानें केलें. हॉलंड त्या वेळीं जर्मनांच्या ताब्यांत होतें. त्याचे गुरु यान ओर्ट यांनीं त्याच्यापुढें प्रश्न टाकला होता कीं, आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींत ओळखतां येईल अशी एखादी ठराविक लांबीची लहर असूं शकेल काय. महायुद्ध संपलें आणि १९५१ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत हार्वर्ड येथें युएन व पर्सेल या दोघांनीं ती प्रत्यक्ष पकडली. प्रयोगशाळेच्या खिडकींतून बाहेर काढलेलें एक लाकडी कर्णें हेंच त्यांचें यंत्र. पावसाचें पाणी त्या कर्ण्यांतून थेट खोलींत येई, आणि हिंवाळ्यांत विद्यार्थी त्यावर बर्फाच्या गोळ्यांची नेमबाजी करीत, अशी हकीकत आहे. विद्यार्थी सर्व देशांत सारखेच.

आतां खोडदकडे वळूं. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्रानें उभारलेली महाकाय रेडिओदुर्बीण आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'जी. एम्. आर्. टी.' म्हणतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. पैकीं चौदा मधल्या भागांत जवळजवळ आणि सोळा तीन फांट्यांवर दूरदूर, अशा रीतीनें कीं सर्वांची मिळून पंचवीस किलोमीटर विस्ताराची एकच दुर्बीण व्हावी. गोविंद स्वरूप हे तिचे जनक. १९२९ सालीं जन्मलेले हे शास्त्रज्ञ ७ सप्टेंबर २०२० रोजीं, 'निसर्ग' वादळानंतर तीन महिन्यांनीं, पुण्यास वारले. तबकडी पत्र्याची न करतां बारीक पोलादी तारांच्या जाळीची करावी, ही त्यांची युक्ति. वीतभर लांबीच्या लहरीस बोटभर रुंदीचीं भोंकें दिसतच नाहींत. तिला ती जाळी अखंड आरशाप्रमाणेंच. वाऱ्यास मात्र तीं भोंकें दिसतात, आणि तो जाळींतून निघून जातो. त्यामुळें तबकडी हलकी झाली, वादळाचा भार तिजवर कमी पडूं लागला, व थोड्या पैशांत एवढें मोठें यंत्र उभें राहिलें. ज्या यंत्रानें पुढें दीर्घिकांवरील वाऱ्याची कहाणी ऐकावयाची, तें स्वतः वाऱ्यास वाट देऊन उभें आहे ही मौज ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एखाद्या दीर्घिकेचा वायु शेजाऱ्यांमुळें गेला असें म्हणावयाचें तर आधीं तिच्यापाशीं किती असावयास हवा होता हें ठाऊक पाहिजे. वैद्य रोग्याचा अशक्तपणा जोखतो तो त्याच वयाच्या व त्याच बांध्याच्या निरोगी माणसाशीं ताडून. १९८४ सालीं मार्था हेन्स व रिकार्डो जियोव्हानेल्ली यांनीं हाच मार्ग धरला. ज्यांना जवळपास शेजारीच नाहीं अशा एकलकोंड्या दीर्घिका त्यांनीं निवडल्या, त्यांचा हायड्रोजन आरेसिबोच्या दुर्बिणीनें मोजला, आणि अमुक आकाराच्या, अमुक जातीच्या दीर्घिकेपाशीं इतका वायु असावा असें मान ठरविलें. या मानानें ज्यांच्याजवळ कमी भरला त्या तुटीच्या दीर्घिका. हा तुटीचा ताळेबंद हातीं आल्यावर सर्वांत मोठी तूट कोठें दिसली? दाट वस्तीच्या मध्यभागीं.

वस्ती म्हणजे दीर्घिकांचे समूह. आपल्यास जवळचा मोठा समूह कन्या राशींत आहे. चैत्र-वैशाखांत रात्रीं उत्तरा फाल्गुनीचा तारा डोक्यावर आला कीं त्याच्या किंचित् पूर्वेस जो रिकामा दिसणारा आकाशाचा तुकडा असतो, तोच त्याचा पत्ता. नुसत्या डोळ्यांस तेथें कांहीं दिसत नाहीं. परंतु सुमारें साडेपांच कोटि प्रकाशवर्षांवर तेथें हजाराहून अधिक दीर्घिकांची दाटी आहे. या दीर्घिकांच्या मधली जागाहि मोकळी नाहीं. तींत दोनतीन कोटि अंश उष्णतेचा वायु भरलेला आहे. इतका तापलेला कीं त्यांतून क्ष-किरण निघतात व त्यांवरूनच तो ओळखूं येतो. तो विरळ किती म्हणाल, तर एका लिटरांत एखाददुसरा कण.

एवढ्या विरळ वायूनें काय होणार, अशी शंका साहजिक आहे. तिचें उत्तर वेगांत आहे. निवांत संध्याकाळीं झाडाचें पान हलत नसतांनाहि सायकल जोरानें पिटाळली तर तोंडावर वारा लागतो. वारा नसतो, आपला वेग असतो. समूहाच्या ओढीनें एखादी दीर्घिका मध्याकडे खेंचली जाते तेव्हां तिचा वेग सेकंदास हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक होतो. समोरचा वायु मग तिला वादळासारखा लागतो. या वादळाचा दाब वायूच्या दाटीच्या पटींत वाढतो, आणि वेगाच्या वर्गाच्या पटींत; वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट. १९७२ सालीं गन व गॉट यांनीं हा हिशेब मांडून दाखविला आणि म्हटलें कीं, दीर्घिकेचें गुरुत्वाकर्षण तिच्या वायूस जेवढ्या जोरानें धरून ठेवतें त्याहून हा दाब अधिक झाला कीं वायु निघून गेलाच पाहिजे.

आतां पोफळीची वाडी पुन्हां डोळ्यांपुढें आणावी. वादळांत प्रथम काय जातें? शेंड्याकडचें, कडेचें, सैल धरलेलें. दीर्घिकेंतहि तसेंच. सामान्य दीर्घिकेंत हायड्रोजनची चकती ताऱ्यांच्या चकतीहून मोठी असते, पुष्कळदां दीडपट-दुप्पट. कडेच्या वायूवर दीर्घिकेची पकड ढिली. म्हणून तो आधीं उडतो, आणि मध्यभागींचा दाट वायु टिकून राहतो. कन्या समूहाच्या मध्याजवळील चक्राकार दीर्घिकांचे रेडिओनकाशे काढले तेव्हां नेमकें हेंच आढळलें. त्यांच्या हायड्रोजनच्या चकत्या ताऱ्यांच्या चकतीच्याहि आंत आखडून गेल्या आहेत. कित्येकींजवळ असावा त्याच्या दशांशच वायु उरला आहे.

परंतु येथें एक आक्षेप निघतो, आणि तो हलका नाहीं. कदाचित् दाट वस्तींतील दीर्घिका जन्मतःच दरिद्री असतील. शेजाऱ्यांनीं लुटलें असें कशावरून? याचा निकाल ताऱ्यांनीं दिला. तारे म्हणजे वायूच्या मानानें अगदीं लहान व घट्ट गोळे. वारा त्यांच्या मधून निघून जातो, त्यांस तो ढकलूं शकत नाहीं. म्हणून वायु वाऱ्यानेंच गेला असेल तर ताऱ्यांची घडी जशीच्या तशी असली पाहिजे आणि वायु तेवढा एका बाजूस सरकलेला दिसला पाहिजे. कन्या समूहांतील एन्. जी. सी. ४५२२ ही दीर्घिका याचा साक्षीदार होय. तिचे तारे नीटनेटके आहेत. हायड्रोजन मात्र बाहेरच्या भागांतून नाहींसा होऊन चकतीच्या एका अंगास बाहेर लोंबत आहे. तिच्याच वस्तींतील एन्. जी. सी. ४३८८ च्या मागें तर हायड्रोजनचा सुमारें साडेतीन लाख प्रकाशवर्षें लांबीचा लोळ सांपडला. चोर पळतांना धान्य सांडीत गेला म्हणजे वाट सांपडते, तसा हा प्रकार. सारें ज्योतिषीय मानानें झटपट, म्हणजे दहावीस कोटि वर्षांत, उरकतें.

वादळ हा लुटीचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार वेढ्याचा. किल्ला घ्यावयाचा तर तटावर चढून जावें, किंवा रसद तोडून बसून राहावें. जंजिरा इतकीं वर्षें अजिंक्य राहिला त्याचें एक कारण त्याची रसद समुद्रावरून येत राहिली हें होय. दीर्घिकेची रसद म्हणजे तिच्या भोंवतालच्या विरळ प्रभावळींतून हळूहळू आंत झिरपणारा वायु. दीर्घिका मोठ्या समूहांत शिरली कीं ही प्रभावळ आधीं हिरावली जाते. आंतला हायड्रोजन कोणी हातहि लावीत नाहीं, परंतु नवा येत नाहीं. आणि तारे घडवितां घडवितां आहे तो सांठा आटतो. १९८० सालीं लार्सन, टिन्स्ली व कॉल्डवेल या त्रयीनें ही कल्पना मांडली. वादळाहून हा मार्ग संथ, पण त्यापासून सुटका अधिक अवघड.

तिसरा प्रकार शेजाऱ्याच्या ओढीचा. चंद्र समुद्रास भरती आणतो तशीच एक दीर्घिका दुसरीस भरती आणते, आणि कडेचा सैल वायु दोहोंच्या मध्यें ओढला जातो. सप्तर्षींच्या दिशेस, सुमारें एक कोटि वीस लक्ष प्रकाशवर्षांवर, एम्. ८१, एम्. ८२ व एन्. जी. सी. ३०७७ या तीन दीर्घिका आहेत. साध्या दुर्बिणींतून त्या तीन निरनिराळ्या दिसतात. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या हायड्रोजनच्या नकाशांत मात्र तिघींना जोडणारे वायूचे पूल स्पष्ट दिसले. डोळ्यांस जीं तीन घरें वाटतात त्यांच्यामधील भिंती पडून गेल्या आहेत.

हीं सारीं संकटें मोठ्या समूहांतच असतात, लहान वाडीवस्तींत दीर्घिका सुखरूप राहते, असा एके काळीं समज होता. २००६ सालीं चंद्रेयी सेनगुप्ता व रमेश बालसुब्रमण्यम् या भारतीय संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्या लहान गटांतून क्ष-किरण येतात, म्हणजे ज्यांत तापलेला वायु आहे, त्यांतील दीर्घिकांपाशीं हायड्रोजनची तूट आढळते. शहरांत येण्यापूर्वीं खेड्यांतच कित्येक दीर्घिका निम्म्या नागवल्या गेलेल्या असतात.

आपल्या आकाशगंगेचा हिशेब या बाबतींत फारसा स्वच्छ नाहीं. तिच्या भोंवतीं पुष्कळ खुजा दीर्घिका फिरत आहेत. आकाशगंगेपासून किंवा देवयानी दीर्घिकेपासून सुमारें नऊ लक्ष प्रकाशवर्षांच्या आंत ज्या आहेत त्या जवळजवळ सर्व हायड्रोजनविरहित, नुसत्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या. त्या अंतराबाहेरच्या बहुतेकींजवळ मात्र तो आहे. सिंह राशींतील 'लिओ टी' ही अगदीं चिमुकली दीर्घिका चौदा लाख प्रकाशवर्षांवर असल्यामुळेंच, असें दिसतें, आपली पुंजी राखून आहे. मॅजेलनचे दोन मेघ जवळ असून वायु बाळगून आहेत, कारण ते वजनदार आहेत आणि, बहुतेकांच्या मतें, नुकतेच येथें पोंचले आहेत. तरी त्यांच्याहि मागें हायड्रोजनचा एक लांब पट्टा आकाशांतून पसरलेला आहे. कोंकणांतून हे मेघ क्षितिजाशींच राहिल्यामुळें डोळ्यांस दिसत नाहींत. दक्षिण गोलार्धांत गेलेल्या मराठी कुटुंबांनीं ते अवश्य पाहावेत.

याच्या उलट टोंक म्हणजे ओसाड प्रदेश. विश्वांत दीर्घिकांच्या वस्त्या आहेत तशा प्रचंड पोकळ्याहि आहेत. कर्क राशीच्या बाजूस सुमारें सहा कोटि प्रकाशवर्षांवर अशी एक पोकळी आहे. तेथील खुजा दीर्घिका पुण्याचे जयराम चेंगलूर व रशियाचे पुस्तिल्निक यांनीं खोडदच्या दुर्बिणीनें पाहिल्या. त्या पोकळीच्या मध्याजवळ त्यांस तीन लहान दीर्घिकांचें एक त्रिकूट सांपडलें. त्यांचे तारे इतके थोडे आणि हायड्रोजन इतका विपुल कीं, बियाणें कणगींत भरून ठेवून कोणी पेरणीच करावयास विसरावें तसें तें दिसतें. वाऱ्याचा मार नाहीं, शेजाऱ्याची ओढ नाहीं. त्याबरोबर उठून कामास लागण्याची निकडहि नाहीं. एकलकोंडेपणानें पुंजी राखली जाते हें खरें, परंतु ती खर्चून कांहीं उभें करण्यास केव्हां केव्हां शेजाऱ्याचा धक्काच लागतो.

असें सर्व नियमांत बसूं लागलें म्हणजे एखादी दीर्घिका मुद्दाम नियम मोडावयास येते. ओंकार बाईत, सुष्मा कुरपाटी, योगेश वाडदेकर इत्यादि पुण्याच्या संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह २०२० सालीं असें एक प्रकरण प्रसिद्ध केलें. एजीसी २०३००१ ही दीर्घिका सव्वीस कोटि प्रकाशवर्षांवर आहे. ती म्हातारी, नवे तारे होणें तेथें जवळजवळ थांबलेलें. अशा दीर्घिकेपाशीं हायड्रोजन असूं नये. पण आरेसिबोच्या मोजणींत तो भरपूर भरत होता. मग तो आहे कोठें? खोडदच्या दुर्बिणीनें नकाशा काढला तेव्हां कळलें कीं, वायु दीर्घिकेंत नसून तिच्या बाहेर एका अवाढव्य कड्याच्या रूपानें पसरला आहे. कड्याचा व्यास सुमारें तीन लाख ऐंशी हजार प्रकाशवर्षें, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या चौपट. हवाई बेटावरील मोठ्या दुर्बिणीनें टिपलेल्या चित्रांतहि त्या कड्याशीं जुळणारा ताऱ्यांचा प्रकाश दिसला नाहीं. एवढें मोठें व असें ताऱ्यांवांचूनचें कडें त्यापूर्वीं एकच ठाऊक होतें, तें सिंह राशींतलें. दोन दीर्घिकांच्या टकरींतून अशीं कडीं होतात असा पूर्वापार तर्क. या कड्याचें मूळ तेंच किंवा दुसरें कांहीं, याचा अखेरचा निवाडा झालेला नाहीं. म्हातारीच्या दारांत धान्याची रास पडली आहे आणि चुलींत मात्र विस्तव नाहीं, असें हें चमत्कारिक घर आहे.

आतांपर्यंत सांगितलें तें सर्व आजच्या, निदान ज्योतिषी ज्यास आज म्हणतात त्या, काळाचें. पूर्वीं काय होतें? आठशें कोटि वर्षांपूर्वीं दीर्घिका आजच्याहून कितीतरी अधिक वेगानें तारे घडवीत होत्या. त्यांचा हायड्रोजन मोजावा तर एकेकीचा आवाज इतका क्षीण कीं कोणतीहि दुर्बीण तो ओळखूं शकत नाहीं. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंतील त्यांचे सहकारी यांनीं यावर एक उपाय केला. त्यांनीं एक दीर्घिका ऐकण्याचा नाद सोडून ७६५३ दीर्घिका एकत्र ऐकल्या. सर्वांचे संदेश एकावर एक ठेवून बेरीज केली म्हणजे खरखर कधीं अधिक कधीं उणी होऊन आपोआप मिटत जाते, आणि खरा सूर प्रत्येक वेळीं त्याच जागीं पडत असल्यामुळें वाढत जातो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें त्या काळीं निघालेली वीतभर लांबीची लहर खोडदला पोंचेपर्यंत हातभर झालेली असते. ती नेमकी त्या लांबीवर सांपडली. २०२० च्या ऑक्टोबरांत हें प्रसिद्ध झालें. निष्कर्ष असा कीं, त्या काळच्या दीर्घिकांपाशीं वायु मुबलक होता, परंतु तारे घडविण्याचा त्यांचा झपाटा पाहतां तो शेंदोनशें कोटि वर्षांतच संपणारा होता. म्हणजे त्या काळींहि सारी मदार बाहेरून येणाऱ्या रसदेवरच. आणि पुढें ताऱ्यांचे जन्म मंदावले त्याचें कारण ती रसद पुरी पडेनाशी झाली हें असावें. शेजाराचा प्रश्न येथें सबंध विश्वाच्या इतिहासाचा प्रश्न होतो.

खोडदच्या दुर्बिणीला स्वतःचाहि शेजार आहे. ती जागा निवडली तीच मुळीं भोंवतालच्या डोंगरांचा आडोसा आहे आणि शहरांचा रेडिओगोंगाट दूर आहे म्हणून. आकाशांतून येणारा संदेश किती दुर्बळ असतो याची कल्पना एका उदाहरणानें येईल: साधा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन ठेविला आणि तेथून बोललें तर खोडदच्या दुर्बिणीस तो आकाशांतील ठळक रेडिओउगमांपैकीं एक वाटेल. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या, आकाशांतून फिरणारे कृत्रिम उपग्रह या सर्वांची खरखर वीस वर्षांत पुष्कळ वाढली आहे. पुणें ते नाशिक या नियोजित रेल्वेमार्गाची मूळ आखणी नारायणगांवच्या बाजूनें होती. ती दुर्बिणीस बाधक होईल असें ठरून दुसऱ्या मार्गाचा विचार निघाला, आणि जुन्नर तालुक्यांतील लोकांनीं गाडी आपल्याकडूनच गेली पाहिजे अशी मागणी केली. ज्यांच्या टोमॅटोच्या गाड्या नारायणगांवच्या बाजारांत रोज उतरतात त्यांची ही मागणी खुळी म्हणतां येणार नाहीं. ज्यांनीं तीस तबकड्या उभारल्या त्यांची भीतीहि खोटी नाहीं. नवी जी जागतिक महादुर्बीण बांधली जात आहे तिच्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंतील कारूचा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियांतील निर्जन प्रदेश निवडला गेला तो याच कारणास्तव. २०२४ च्या जानेवारींत भारत सरकारनें तींत सहभागी होण्यासाठीं १२५० कोटि रुपये मंजूर केले, आणि पुण्याचें खगोलभौतिकी केंद्र त्या कामांत भारताच्या बाजूनें अग्रभागीं आहे.